पुढल्या वर्षीं पाहूं

आमच्या घरापासून दोन घरें टाकून एक वृद्ध गृहस्थ राहत असत. ते वर्षांतून सोळा वेळां दुःखी होतात, असें आम्ही एके काळीं विनोदानें म्हणत असूं. २०२१ सालापासून सामन्यांची संख्या सतरा झाली, तेव्हां त्यांच्या दुःखांतहि एकानें भर पडली. गृहस्थ मोटारींच्या कारखान्यांत पस्तीस वर्षें काम करून निवृत्त झालेले; बोलणें थोडें, हात मोठे, आणि डोक्यावर बारा महिने एक फिकट निळी टोपी. त्या टोपीवर उडी घेणारा सिंह होता. हा सिंह म्हणजे डेट्रॉइट शहराच्या फुटबॉल-संघाचें, लायन्सचें, चिन्ह होय. आणि अखिल प्राणिसृष्टींत इतका मार खाल्लेला सिंह दुसरा नसेल, हें मत आमचें नसून खुद्द त्या टोपीच्या मालकांचें आहे.

फुटबॉल म्हटला कीं ज्यांच्या डोळ्यांपुढें कलकत्त्याचें मैदान किंवा गोव्यांतील एखादें गांव उभें राहतें, त्या वाचकांची येथें थोडी समजूत घालणें अवश्य आहे. अमेरिकन लोक ज्या खेळास फुटबॉल म्हणतात त्यांत पायांचा उपयोग मुख्यतः पळण्याकडे होतो. चेंडू लांबट असून तो हातानें फेंकावयाचा, छातीशीं धरावयाचा, आणि प्रतिपक्षानें अंगावर येऊन जमिनीवर आपटलें तरी सोडावयाचा नाहीं. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढें सरकलें तर पुन्हां चार प्रयत्न मिळतात. न सरकलें तर चेंडू प्रतिपक्षाचा. म्हणून चौथ्या प्रयत्नाची वेळ आली कीं शहाणे संघ चेंडू लाथेनें दूर उडवितात, किंवा खांब जवळ असतील तर त्यांमधून मारून तीन गुण पदरांत पाडून घेतात. धाडसी संघ मात्र उरलेलें अंतर तोडावयास निघतात. एवढी एक गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेविली म्हणजे पुरे. संघ एकंदर बत्तीस. त्यांचे दोन विभाग. प्रत्येक विभागांतून सात संघ जानेवारींत बाद फेरीस पात्र होतात, आणि उरलेल्या अठरा संघांचे चाहते ‘पुढल्या वर्षीं पाहूं’ म्हणून आपापल्या टोप्या खुंटीला लावतात.

डेट्रॉइटनें १९३५, १९५२, १९५३ आणि १९५७ अशीं चार अजिंक्यपदें मिळविलीं. त्यांतील शेवटचें मिळालें तेव्हां आमचे शेजारी दहा वर्षांचे होते. क्लीव्हलंडचा ५९-१४ असा उडालेला फज्जा त्यांनीं वडिलांच्या मांडीशीं बसून रेडिओवर ऐकला, आणि जन्मभर असेंच चालणार अशी त्या वयाला साजेशी समजूत करून घेतली. पुढल्याच वर्षीं बॉबी लेन या नामांकित खेळाडूस संघानें पिट्सबर्गला देऊन टाकलें. जातांना त्यानें ‘पन्नास वर्षें तुम्ही जिंकणार नाहीं’ असा शाप दिला अशी दंतकथा आहे. शाप खरा असो वा खोटा, पन्नासावें वर्ष २००८ हें उजाडलें आणि त्या वर्षीं संघ सोळाच्या सोळा सामने हरला. असा विक्रम त्यापूर्वीं कोणीं केला नव्हता. १९५७ नंतर २०२२ पर्यंत बाद फेरींतील विजय काय तो एकच, १९९२ च्या जानेवारींत डॅलसविरुद्ध मिळालेला. इकडील लोकांच्या तोंडीं ‘तेच ते जुने लायन्स’ असा एक वाक्प्रचार बसून गेला आहे. ‘येरे माझ्या मागल्या’ हें त्याचें यथार्थ मराठी भाषांतर होईल.

आम्ही १९९८ सालीं पुण्याहून येथें आलों. डेट्रॉइटच्या परिसरांत मराठी माणूस येतो तो बहुधा मोटारीच्या मागोमाग. आम्हीहि तसेच आलों. त्या वेळीं बॅरी सँडर्स खेळत होता. खेळाचे नियम कळण्यापूर्वींच त्याचें पळणें आम्हांस कळलें, आणि नियम कळूं लागले तों १९९९ च्या उन्हाळ्यांत, अंगांत सर्व शक्ति शाबूत असतां, तो खेळ सोडून निघून गेला. तरी आमचा लोभ सुटला नाहीं. २००८ च्या डिसेंबरांत सोळावा पराभव झाला, आणि त्यानंतर तिसऱ्या आठवड्यांत आमची नोकरी गेली. त्या वर्षीं तीन मोठ्या मोटार-कंपन्यांपैकीं दोघींना दिवाळखोरीच्या न्यायालयाची पायरी चढावी लागली, तेथें आमच्यासारख्याची कथा काय! पुण्यास परत जावयाचें ठरवून आम्हीं अकरा खोकीं बांधलीं. सहा महिन्यांनीं कमी पगाराची दुसरी नोकरी लागली आणि जाणें राहिलें; खोकीं मात्र तळघरांतील भिंतीशीं तशींच राहिलीं. ‘आज लागली नोकरी, उद्यां गेली तर?’ असें आम्ही म्हणत असूं. पत्नी दोनदां म्हणाली, सोडूं या. आम्ही म्हणालों, पाहूं. तिसऱ्यांदा ती म्हणाली नाहीं.

२०२१ च्या जानेवारींत डॅन कॅम्पबेल नांवाचा एक धिप्पाड माजी खेळाडू संघाचा मुख्य मार्गदर्शक झाला. आम्हांला कोणीं खालीं पाडलें तर उठतां उठतां त्याच्या गुडघ्याच्या वाटीचा चावा घेऊं, अशा आशयाचें भाषण त्यानें आरंभींच केलें, आणि सर्व देश हंसला. त्याच सुमारास बारा वर्षें संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेंकणारा सेनापति, असलेला मॅथ्यू स्टॅफर्ड लॉस एंजेलिसच्या रॅम्स संघास देण्यांत आला. मोबदल्यांत जॅरेड गॉफ, आणि पुढील वर्षांत रॅम्सच्या पाळीनें नवे खेळाडू निवडण्याचे हक्क मिळाले. या निवडीची रीत मोठी मौजेची आहे: जो संघ अधिक हरेल त्याची पाळी आधीं येते. हरणारांस इतक्या नियमितपणें बक्षीस देणारी दुसरी संस्था आम्हांस ठाऊक नाहीं. स्टॅफर्डनें पहिल्याच हंगामांत रॅम्सला अजिंक्यपद मिळवून दिलें. कॅम्पबेलच्या संघानें सतरांपैकीं तीन सामने जिंकले.

२०२२ चा हंगाम सुरू झाला तो याहून विचित्र. फिलाडेल्फियाविरुद्ध ३५ गुण करूनहि संघ हरला. सिअ‍ॅटलविरुद्ध ४५ गुण केले, तर सिअ‍ॅटलनें ४८ केले. (हे तीन गुण वाचकांनीं विसरूं नयेत, जानेवारींत त्यांचें काम पडणार आहे.) पुढच्या सामन्यांत न्यू इंग्लंडपुढें एकहि गुण मिळाला नाहीं. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशीं डॅलसनें २४-६ असें लोळविलें. त्या आठवड्याच्या शेवटीं आमच्या घरीं चार मंडळी फराळास जमलीं होतीं. शेजाऱ्यांनाहि आम्हीं बोलाविलें होतें. त्यांना चकलीचें भारी अगत्य. चकली मोडतां मोडतां जो वाद पेटला तो दिवाळी संपून पार जानेवारीपर्यंत विझला नाहीं.

या वादांत चार पक्ष होते. आमचे चिरंजीव, वय वर्षें एकोणीस, यांचें म्हणणें असें कीं हा संघ हरत असला तरी वाईट नाहीं. एमन-रा सेंट ब्राउन हा निवडीच्या चौथ्या फेरींत मिळालेला पोरगा कोणास आवरत नाहीं, आणि एडन हचिन्सन हा तर येथल्याच प्लिमथ गांवचा, तो हळूहळू शिकत आहे. आमचे एक स्नेही हिशेबी; त्यांच्या मतें संघ बरावाईट नसतोच, असतो तो केवळ गुणांमधील फरक, आणि तो पाहतां कॅम्पबेलला काढून टाकणें हाच शास्त्रीय मार्ग. शेजाऱ्यांचा पक्ष एका वाक्याचा: ‘मीं हें पाहिलेलें आहे.’ तथापि हेंच गृहस्थ एकहि सामना चुकवीत नसत, ही विसंगति त्यांना कोणीं दाखविली नाहीं. आणि चौथा पक्ष आमचा. आम्ही सुज्ञांच्या पक्षाचे. आम्ही म्हणत होतों कीं आशा करावी, पण बेतानें. मन गुंतवावें, पण पाय मोकळे ठेवावे. बोलतांना हें फार शोभून दिसे. दुसऱ्या दिवशीं मायामीविरुद्ध पूर्वार्धांत २७ गुण करून संघानें उत्तरार्धांत एकहि केला नाहीं आणि सामना घालविला, तेव्हां तर आमच्या सुज्ञपणाला तोटाच उरला नाहीं.

सात सामने, एक विजय. मालकीण शीला फोर्ड हॅम्प यांनीं लोकांना धीर धरावयास सांगितलें होतें. लोकांचा धीर सुटला होता. १ नोव्हेंबरला संघानें टी. जे. हॉकेन्सन हा आपला चांगला खेळाडू मिनेसोटास, म्हणजे आपल्याच गटांतील प्रतिस्पर्ध्यास, देऊन टाकला आणि मोबदल्यांत पुन्हां पुढल्या वर्षांचे हक्क घेतले. त्या शुक्रवारीं चिरंजीव विद्यापीठांतून मळके कपडे घेऊन घरीं आले. धुण्याचें यंत्र तळघरांत, दूरदर्शन-संच तेथेंच, खोकींहि तेथेंच. आम्हीं त्यांस गांठून विषय काढला. म्हटलें, ‘झालें! संघानें हंगाम सोडला. आम्ही सांगत नव्हतों?’ यंत्रांत कपडे कोंबतां कोंबतां तो म्हणाला, ‘बाबा, संघ हरला म्हणून तुम्हांला वाईट वाटत नाहीं. तुमचें म्हणणें खरें ठरलें म्हणून तुम्हांला बरें वाटतें.’

आम्हीं वडिलकीचा सूर काढला. मग तो वळला आणि भिंतीकडे बोट करून म्हणाला, ‘हीं खोकीं मी पांच वर्षांचा असल्यापासून पाहतों आहें. आपण कोठें जाणार होतों?’

या प्रश्नास उत्तर नव्हतें, आणि प्रश्न केवळ खोक्यांचा नव्हता. सप्टेंबरांत त्यानें यंत्रशास्त्र सोडून शाळाशिक्षक होण्याचा विचार आमच्यापाशीं बोलून दाखविला होता. डेट्रॉइट शहरांतील शाळांत शिकवावें असें त्याच्या मनांत होतें. आम्हीं ‘नाहीं’ म्हटलें नव्हतें. आम्हीं म्हटलें होतें, पाहूं. आपल्या घरांत ‘पाहूं’ या शब्दाचा अर्थ काय, हें त्याला पांचव्या वर्षापासून ठाऊक होतें, असें त्या दिवशीं आम्हांस कळलें. यंत्र सुरू झालें; त्याच्या आवाजाचा आधार घेऊन आम्ही जिना चढून वर आलों.

त्यानंतरच्या रविवारीं ग्रीन बेच्या पॅकर्सवर १५-९ असा विजय मिळाला. आरन रॉजर्ससारख्या कसलेल्या सेनापतीचे तीन चेंडू या संघानें झेलून घेतले. त्यांतील एक हचिन्सननें. शेजारी म्हणाले, अपघात. पुढें शिकागो एका गुणानें हरलें, न्यू यॉर्कचे जायंट्स हरले. थँक्सगिव्हिंगच्या सणाला, म्हणजे १९३४ पासून डेट्रॉइटचा सामना ज्या दिवशीं ठरलेलाच असे त्या दिवशीं, बफेलोनें तीन गुणांनीं हरविलें. पण पराभव होऊनहि गांवांत कोणीं मान खालीं घातली नाहीं, ही नवी गोष्ट होती. जॅक्सनव्हिल, मिनेसोटा, जेट्स असे ओळीनें तीन संघ पडले. मिनेसोटाविरुद्धच्या सामन्यांत शेवटीं शेवटीं पिनेय सूएल या दीडशे किलोंच्या आसपासच्या रक्षकाकडे चेंडू फेंकून अंतर तोडलें; तो गडी चेंडू धरून कोसळला तेव्हां आमच्या तळघराची जमीन हादरली असें पत्नीचें म्हणणें आहे, परंतु त्यांत चौघांच्या उड्यांचा भाग अधिक असावा. चौघांत आम्हीहि होतों.

वादाचा रंग आतां बदलला. गॉफ हा तात्पुरता गडी कीं कायमचा? पहिल्या सात सामन्यांतलीं तोंडें पुसून टाकतां येतात काय? आणि बाद फेरी? हिशेबी स्नेह्यांनीं एक भला मोठा कागद केला. कोण कोणाकडून हरलें असतां आम्ही आंत जाऊं याचा वंशवृक्ष त्यावर होता. नाताळच्या आदल्या दिवशीं कॅरोलायनानें ३७-२३ असें हरवून त्या वृक्षाच्या बऱ्याच फांद्या तोडल्या. प्रतिपक्ष त्या दिवशीं चेंडू घेऊन ३२० यार्ड नुसता धांवला. शेजारी उठून उभे राहिले, टोपी नीट केली, आणि आपलें एक वाक्य म्हणून निघून गेले. परंतु १ जानेवारीस शिकागोचा ४१-१० असा निकाल लागतांच आठ वाजतां तेच दारांत हजर. हातांत केक होता.

आतां एकच फांदी उरली होती. ८ जानेवारी २०२३ रोजीं, हंगामाच्या शेवटच्या दिवशीं, डेट्रॉइटनें ग्रीन बेला जाऊन पॅकर्सना हरवावयाचें, आणि त्याआधीं दुपारीं रॅम्सनीं सिअ‍ॅटलला हरवावयाचें. सिअ‍ॅटलशीं बरोबरी होऊन भागत नव्हतें, कारण ऑक्टोबरांतील ते तीन गुण मध्यें आडवे येत होते. यांतील विनोद असा कीं रॅम्सचा पुढील निवडीचा हक्क आपल्याकडे असल्यामुळें डेट्रॉइटच्या प्रत्येक घरांत वर्षभर रॅम्सच्या पराभवासाठीं नवस चालले होते. आणि देवानें ते इतके मनावर घेतले होते कीं गतवर्षींचा तो अजिंक्य संघ अगदीं डबघाईला आला होता. आतां एका दुपारीं देवास सांगावें लागलें कीं आजचा दिवस उलट कर.

देवानें अर्धवट ऐकलें. गुण समान असतां शेवटच्या क्षणीं सिअ‍ॅटलनें मारलेला चेंडू खांबावर आपटून बाहेर आला. तळघरांत जो ओरडा झाला तो ऐकून वरची मंडळी धांवत आलीं. एकटे शेजारी जागचे हलले नाहींत. जादा वेळांत रॅम्सचा बेकर मेफील्ड यानें फेंकलेला चेंडू क्वांड्री डिग्ज यानें मध्येंच पकडला. हा डिग्ज मूळचा डेट्रॉइटचा. २०१९ सालीं आपल्याच लोकांनीं त्याला सिअ‍ॅटलला दिलेला. थोड्या वेळानें सिअ‍ॅटलनें १९-१६ असा सामना जिंकला, आणि आमच्या संघाचा खेळ सुरू होण्यापूर्वींच हंगाम संपला.

हिशेबी स्नेह्यांनीं कागदाची घडी घातली. उद्यां सोमवार, कामाचा दिवस, म्हणून ते गेले. आम्हीहि उठलों. उठतां उठतां आमच्यांतील सुज्ञ पुरुष बोललाच. आम्ही म्हणालों, ‘आतां रात्रीचा सामना हरलेला बरा. निवडीची पाळी थोडी आधीं येईल.’ हिशेबानें हें अगदीं बरोबर होतें.

सबंध हंगामांत ज्या गृहस्थांनीं एका वाक्यापलीकडे मत दिलें नव्हतें ते शेजारी आमच्यावर रागावले. आवाज चढला नाहीं, पण रागावले. म्हणाले, ‘आमचा कारखाना बंद व्हावयाचा ठरला होता. शेवटच्या दिवशीं शेवटची गाडी माझ्यापुढें आली, तेव्हां तिचे बोल्ट मीं सैल सोडायला हवे होते काय?’ आणि मग चिरंजीवांकडे वळून त्यांनीं केकचा उरलेला तुकडा मागितला.

आम्ही खालीं बसलों. पॅकर्सना जिंकून बाद फेरींत जावयाचें होतें. आमच्या मंडळींना कांहींच मिळावयाचें नव्हतें. कडाक्याच्या थंडींत, परक्या मैदानावर, ज्यांना मिळवावयाचें नव्हतें ते जिंकले. २०-१६. जमाल विल्यम्सनें दोन टचडाउन करून बॅरी सँडर्सचा एका हंगामांतील सोळांचा जुना विक्रम मोडला, तेव्हां शेजाऱ्यांनीं टोपी काढून हातांत घेतली. ती बॅरीसाठीं कीं जमालसाठीं हें आम्हीं विचारलें नाहीं. रॉजर्सचा पॅकर्ससाठीं खेळलेला तो शेवटचा सामना ठरला. शेवटीं चौथ्या प्रयत्नाला एक यार्ड हवें असतां कॅम्पबेलनें लाथ मारली नाहीं. गॉफनें चेंडू फेंकला, तो झेलला गेला, आणि वेळ संपली. गॉफच्या हातून हंगामाच्या अखेरच्या नऊ सामन्यांत एकहि चेंडू प्रतिपक्षाकडे गेला नव्हता. आमच्या विजयानें बाद फेरींत कोण गेलें? सिअ‍ॅटल! तेथील लोक त्या रात्रीं डेट्रॉइटचा जयजयकार करीत असतील, या विचारानें आम्हां तिघांना एकदमच हंसूं आलें.

नऊ विजय, आठ पराभव. एवढ्यावर गांवांत सहा महिने वाद पुरला. एप्रिलांत रॅम्सच्या हक्कानें मिळालेली सहावी पाळी अ‍ॅरिझोनास देऊन संघानें बाराव्या पाळीला जमीर गिब्ज घेतला, त्यावरहि हिशेबी स्नेही फार चिडले होते. गिब्ज खेळूं लागल्यावर त्यांनीं तो विषय सोडला. उन्हाळ्यांत एका शनिवारीं आम्ही बाजारांतून आलों तों तळघरांतील खोकीं उघडलेलीं. पत्नीनें कोणास विचारलें नव्हतें. आंत विशेष कांहीं निघालें नाहीं: पितळेचे डबे, जुने अंक, रबरी कडें कडकून गेलेला एक कुकर, आणि चिरंजीवांचा पांचव्या वर्षींचा निळा सदरा. चिरंजीव त्या वेळीं घरीं नव्हते. शिक्षणशास्त्राच्या वर्गांत नांव घालण्यासाठीं ते विद्यापीठांत गेले होते. त्या बाबतींत आम्हीं काय म्हटलें हें येथें लिहिण्यासारखें नाहीं, कारण आम्हांला कोणीं विचारलें नाहीं.

शेजारी त्याच शरद ऋतूंत फ्लॉरिडांत टँपाजवळ मुलीकडे राहावयास गेले. गुडघे थंडीला दाद देत नव्हते. ते गेले आणि इकडे संघानें बारा सामने जिंकले; १९९३ नंतर प्रथमच गटाचें विजेतेपद आलें. १४ जानेवारी २०२४ रोजीं बाद फेरीचा सामना डेट्रॉइटमध्यें झाला, तो रॅम्सशीं, म्हणजे स्टॅफर्डशींच. २४-२३. बत्तीस वर्षांनीं असा विजय! पुढच्या आठवड्यांत गांठ पडली ती नेमकी टँपाशीं, आणि तेथें सेनापति तोच बेकर मेफील्ड. शेजाऱ्यांनीं जांवयाच्या घरांत निळी टोपी घालून सामना पाहिला, आणि ३१-२३ असा निकाल लागल्यावर जेवणाच्या टेबलाशीं कोणी बोलेना असें त्यांनीं आम्हांस फोनवर मोठ्या समाधानानें कळविलें.

२८ जानेवारीस सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध पूर्वार्ध संपला तेव्हां आपण २४-७ असे पुढें होतों. मग जें झालें तें झालें. उत्तरार्धांत दोनदां चौथ्या प्रयत्नाची वेळ आली. दोन्ही वेळां खांब आटोक्यांत होते. दोन्ही वेळां कॅम्पबेलनें लाथ न मारतां अंतर तोडावयाचें ठरविलें, आणि दोन्ही वेळां फसलें. सामना ३४-३१ असा, बरोबर तीन गुणांनीं, गेला. दहा वाजतां फोन वाजला. शेजारी म्हणाले, ‘तीन गुण घ्यावयास हवे होते.’ त्यांचें म्हणणें हिशेबानें अगदीं बरोबर होतें. तरी आमच्या तोंडून ‘मुळींच नाहीं!’ असें इतक्या जोरानें निघालें कीं चिरंजीव सोफ्यावरून वळून पाहूं लागले. पहिल्या वेळीं अंतर दोन यार्ड होतें, दहा नव्हे; चेंडू गड्याच्या हातांत येऊन सुटला, बेत चुकला नव्हता; आणि ज्या स्वभावानें संघ येथवर आला तो स्वभाव ऐन वेळीं खुंटीला टांगून ठेवावयाचा काय? शेजाऱ्यांनीं १९५७ काढलें. आम्हीं ग्रीन बेची रात्र काढली. ‘दोन यार्ड’ हें आम्ही त्यांना तिसऱ्यांदा सांगत होतों तेव्हां बारा वाजून गेले होते, आणि सकाळीं सोमवार होता.